रास्पबेरी पाय पिको : बोटीच्या इंजिनाची कंपने टिपण्यासाठी हा बोर्ड कितपत उपयोगी पडतो?

रास्पबेरी पाय पिको हा, एकाच चिपवर छोटा संगणक (मायक्रोकंट्रोलर) असलेला बोर्ड २१ जानेवारी २०२१ रोजी ४ डॉलर किमतीला बाजारात आला, आणि तेव्हापासून त्याच्या ॲनालॉग मोजमापाबद्दल जाणकार नाराजीच व्यक्त करत आले आहेत. ती नाराजी बहुतांशी रास्त आहे. तरीही रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मासेमारी बोटींच्या इंजिनांची कंपने मोजण्यासाठी हा बोर्ड वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, स्वस्तात आणि वेगाने ॲनालॉग संकेत टिपायचा असेल तर शिकणाऱ्याने आणि काम करणाऱ्यानेही सुरुवात याच बोर्डापासून करावी. याचे श्रेय त्याच्या एडीसीला, म्हणजे व्होल्टेजचे आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाला, फारसे नाही. एडीसीने मोजलेले प्रत्येक मूल्य, प्रोसेसरला मध्ये न घेता, ठरल्या क्षणी मेमरीत नेऊन ठेवणारा जो डीएमए या चिपमध्ये आहे, त्याला ते श्रेय जाते. हे परीक्षण मुख्यतः त्या डीएमएचे आहे.

आधी काम काय आहे ते सांगतो, कारण त्यावाचून आकड्यांना अर्थ येत नाही. १ जूनपासून पावसाळी मासेमारीबंदी लागू होते, बोटी किनाऱ्यावर ओढल्या जातात आणि इंजिने, गिअरबॉक्स, शाफ्ट यांची दुरुस्ती याच काळात उरकावी लागते. कोणते बेअरिंग बदलायचे आणि कोणते आणखी एक हंगाम चालेल, हा निर्णय मेस्त्री पेचकसाचे टोक कवचावर आणि मूठ कानाशी धरून घेतात, आणि अनुभवी मेस्त्रींचा अंदाज सहसा चुकत नाही. अडचण एवढीच की बोट किनाऱ्यावर घेतल्यानंतर पंख्याला पाण्याचा भार उरत नाही, त्यामुळे भाराखाली इंजिन कसा आवाज करत होते हे तेव्हा तपासता येत नाही. म्हणून बोट पाण्यात असताना, शेवटच्या फेऱ्यांमध्ये, कंपनांची नोंद करून ठेवावी आणि ती नोंद जूनमध्ये मेस्त्रींच्या पुढ्यात ठेवावी, असा हा उपक्रम आहे. मिनिटाला १,८०० फेरे घेणाऱ्या इंजिनाच्या शाफ्टची मूळ वारंवारता ३० हर्ट्झ असते. सहा सिलिंडरच्या फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक फेऱ्याला तीन स्फोट होतात, म्हणून ९० हर्ट्झचा ठळक ठोका मिळतो. ३० दात्यांच्या गिअरची दातजुळणी ९०० हर्ट्झला दिसते, आणि बेअरिंगच्या वाटेत खळगा पडला असेल तर त्यावरून जाणारी प्रत्येक गोळी कवचाला काही हजार हर्ट्झने झणकारते. म्हणजे एकाच मोजमापात काही दहा हर्ट्झपासून काही हजार हर्ट्झपर्यंतचा पट्टा स्वच्छ हवा असतो.

असे मोजमाप करताना दर सेकंदाला किती सॅम्पल, म्हणजे संकेताची मोजलेली मूल्ये, मिळतात याकडे सर्वांचे लक्ष जाते. दोन सॅम्पलमधले अंतर दर वेळी सारखे आहे की नाही, याकडे मात्र फार थोडे लोक पाहतात. वारंवारतेचे पृथक्करण करणारे सगळे गणित हे अंतर समान धरून चालते. ५ किलोहर्ट्झच्या संकेतात सॅम्पल घेण्याची वेळ सरासरी एका मायक्रोसेकंदाने जरी पुढेमागे झाली, तरी संकेत आणि त्यातला गोंगाट यांचे प्रमाण ३० डेसिबलच्या आसपास येऊन अडते. याचा अर्थ एडीसी १२ बिटचा असो की १६ बिटचा, हाती पाच बिटही उरत नाहीत. प्रोग्रामच्या लूपमध्ये एडीसी वाचणाऱ्या पद्धतीत एक मायक्रोसेकंदाची गडबड ही अगदी मामुली गोष्ट आहे. मध्येच यूएसबीचा इंटरप्ट, म्हणजे प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावणारी हाक, येतो, कधी पुढची आज्ञा फ्लॅशमधून आणावी लागते, आणि त्या वेळेपुरते मोजमाप लांबते. महागडा एडीसी घेऊन तो असा वाचणे म्हणजे पैसे वाया घालवणे आहे.

आपल्याकडच्या अभियांत्रिकी आणि तंत्रनिकेतनातल्या बहुतेक विद्यार्थ्यांच्या हाती पहिल्यांदा आर्डुइनो उनो येतो, म्हणून त्याच्याशी तुलना करणे योग्य ठरेल. त्यावरच्या एटीमेगा३२८पी चिपचा एडीसी नेहमीच्या मांडणीत १२५ किलोहर्ट्झच्या घड्याळावर चालतो आणि एका रूपांतराला १३ टिकटिकी घेतो. म्हणजे एका सॅम्पलला १०४ मायक्रोसेकंद, सेकंदाला जेमतेम ९,६०० सॅम्पल. डीएमए त्यात नाहीच, त्यामुळे प्रत्येक मूल्य उचलून ठेवण्याचे काम प्रोसेसरलाच करावे लागते. सुपारीच्या बागेतल्या पंपाचा विद्युत्प्रवाह मोजायला एवढे पुरेसे आहे आणि त्यासाठी पिको घेण्याचे कारण नाही. बेअरिंग ऐकायला मात्र ते पुरत नाही.

पिकोवरच्या आरपी२०४० चिपचा एडीसी ४८ मेगाहर्ट्झच्या स्वतंत्र घड्याळावर चालतो आणि एका रूपांतराला ९६ टिकटिकी घेतो, म्हणून पूर्ण वेगात दर दोन मायक्रोसेकंदांनी एक सॅम्पल, म्हणजे सेकंदाला ५ लाख सॅम्पल मिळतात. हे घड्याळ यूएसबीच्या पीएलएलमधून (घड्याळाची वारंवारता तयार करणाऱ्या मंडलातून) येत असल्यामुळे प्रोसेसरचा वेग वाढवला किंवा कमी केला तरी सॅम्पलचा वेग बदलत नाही. वेग कमी हवा असल्यास एडीसीच्या आतच भाजक आहे. त्यात लिहिलेल्या आकड्यात एक मिळवला की दोन रूपांतरांच्या सुरुवातींमधल्या टिकटिकी मिळतात, म्हणून सेकंदाला २०,००० सॅम्पल हवे असतील तर तिथे २,४०० नव्हे, २,३९९ लिहावे लागते. आकडा ९६ पेक्षा लहान असेल तर एडीसी सलग, पूर्ण वेगातच धावतो.

या पूर्ण वेगात प्रोसेसर किती पुरा पडतो, ते पाहण्यासारखे आहे. १२५ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रोसेसरकडे दोन सॅम्पलच्या मध्ये फक्त २५० टिकटिकी असतात. प्रत्येक सॅम्पलसाठी इंटरप्ट घ्यायचा म्हटला, तर आत शिरणे, मूल्य उचलणे, मोजणी वाढवणे, बाहेर पडणे यातच या वेळेतला मोठा वाटा जातो आणि बाकीचे काम तुकड्यातुकड्यांत उरकावे लागते. एडीसीच्या मागे चार जागांची रांग म्हणजे फिफो आहे, पण पूर्ण वेगात ती आठ मायक्रोसेकंदांत भरते आणि त्यानंतर येणारी सॅम्पल कायमची हरवतात. डीएमएकडे हे काम सोपवले की चित्र पालटते. फिफोत मूल्य आले की एडीसी डीएमएला विनंतीचा संकेत देतो, डीएमए फिफोचा ठरलेला पत्ता वाचतो, मूल्य मेमरीतल्या पुढच्या जागी लिहितो आणि पुढच्या विनंतीची वाट पाहतो. दर २५० टिकटिकींमागे एक हस्तांतर, एवढाच बसवरचा, म्हणजे चिपमधल्या डेटाच्या वाटेवरचा, भार. मेमरी चार मोठ्या कप्प्यांत आलटूनपालटून वाटलेली असल्यामुळे त्याच वेळी प्रोसेसर दुसऱ्या कप्प्यात काम करत राहतो. डीएमएला बसवर अग्रक्रम देण्याची सोय चिपमध्ये आहे, पण एवढ्या हलक्या भाराला तिची गरज पडत नाही. शिवाय सॅम्पल घेण्याचा क्षण एडीसीचे घड्याळच ठरवत असल्यामुळे डीएमएला एखादी टिकटिकी उशीर झाला, तरी मूल्य फिफोत सुरक्षित असते आणि मोजमापाची वेळ जागची हलत नाही. लूपच्या पद्धतीत ही हमी कधीच मिळत नाही, आणि मला या बोर्डात सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट हीच आहे.

चिपमध्ये डीएमएची १२ चॅनेल आहेत आणि त्यांची रचना अतिशय विचारपूर्वक केलेली आहे. अखंड नोंदीसाठी दोन चॅनेल आणि दोन बफर, म्हणजे मेमरीतल्या तात्पुरत्या साठ्याच्या जागा, घ्यावेत आणि पहिल्या चॅनेलचे काम संपताच दुसरे सुरू होईल, दुसऱ्याचे संपताच पहिले सुरू होईल, अशी साखळी जोडावी. जेटीवर मासळी उतरवताना एक टोपली भरत असते तेव्हा दुसरी काट्यावर असते, तसे इथे एक बफर भरत असताना प्रोसेसर दुसऱ्यावर गणित करतो. ४,०९६ सॅम्पलचा बफर धरला तर पूर्ण वेगातही इंटरप्ट दर ८.१९२ मिलिसेकंदांनी एकदाच येतो, आणि २०,००० च्या वेगात तो २०४.८ मिलिसेकंदांनी येतो.

नवखा माणूस अडतो तो या साखळीच्या एका बारकाव्यापाशी. चॅनेल पुन्हा सुरू झाले की हस्तांतरांची संख्या आपोआप पहिल्यासारखी भरली जाते, पण लिहिण्याचा पत्ता मागे येत नाही. तो जिथे संपला होता तिथूनच पुढे चालू राहतो. त्यामुळे पहिली फेरी अगदी बरोबर येते, दुसऱ्या फेरीत डीएमए बफरच्या पलीकडची मेमरी पुसत जातो, आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळतो. यावर दोन उपाय आहेत. इंटरप्टमध्ये पत्ता हाताने मागे आणावा, किंवा त्याहून चांगले म्हणजे डीएमएचीच वर्तुळाकार पत्त्याची सोय वापरावी, जीत पत्ता ठरलेल्या मर्यादेला पोहोचताच स्वतः सुरुवातीला वळतो. त्यासाठी बफरचा आकार दोनच्या घातात हवा, ३२ किलोबाइटच्या आत हवा, आणि तो मेमरीत आपल्याच आकाराच्या पटीतल्या पत्त्यावर सुरू व्हायला हवा. ४,०९६ सॅम्पलना प्रत्येकी दोन बाइट धरून ८,१९२ बाइट लागतात, म्हणून बफर ८,१९२ च्या पटीतल्या पत्त्यावर ठेवावा. ही शेवटची अट पाळली नाही तर कोणतीही चूक दाखवली जात नाही, फक्त डेटा चुकीच्या जागी जातो.

दुसरी काळजी फिफोच्या भरून वाहण्याची. तसे झाले की एडीसीच्या रजिस्टरमध्ये (चिपच्या आतल्या नोंदीच्या कप्प्यात) एक खूण उमटते आणि आपण पुसेपर्यंत ती तशीच राहते. प्रत्येक बफर हातात आला की ती खूण तपासावी आणि उमटलेली दिसली तर तो बफर सरळ टाकून द्यावा, कारण एक सॅम्पल जरी गळले तरी पुढच्या सगळ्या वेळा सरकतात आणि आलेखावर त्याचा मागमूस दिसत नाही. मोजमाप थांबवून पुन्हा सुरू करताना आधी एडीसी बंद करावा, फिफो रिकामा करावा आणि मगच डीएमए जोडावा. चालू हस्तांतर मध्येच तोडले तर काम पूर्ण झाल्याचा खोटा इंटरप्ट येऊ शकतो, हा आरपी२०४० चा जाहीर दोष आहे. म्हणून तोडण्यापूर्वी त्या चॅनेलचा इंटरप्ट बंद ठेवावा.

एकापेक्षा जास्त सेन्सर जोडायचे असतील तर एडीसी स्वतःच पाळीपाळीने आपले इनपुट चॅनेल बदलू शकतो. पिकोवर जीपी२६, जीपी२७ आणि जीपी२८ हे तीन पाय त्यासाठी मोकळे आहेत. मूल्ये मेमरीत एकाआड एक येतात आणि वेग वाटला जातो, म्हणजे दोन सेन्सरना प्रत्येकी अडीच लाख. मात्र एडीसी एकच असल्यामुळे दोन्ही सेन्सर एकाच क्षणी मोजले जात नाहीत, त्यांच्यात किमान दोन मायक्रोसेकंदांचा फरक राहतो. शिवाय सेन्सरचा अंतर्गत रोध जास्त असेल तर आधीच्या चॅनेलचा अंश पुढच्यात उतरतो, म्हणून प्रत्येक सेन्सरमागे स्वतंत्र ऑप-अँप (संकेत वाढवणारी छोटी चिप) असावा.

आता एडीसीकडे वळतो. कागदावर तो १२ बिटचा आहे, पण निर्मात्यांच्याच डेटाशीटनुसार त्याचे प्रभावी बिट, म्हणजे गोंगाट वगळता खरोखर हाती येणारे बिट, ८.७ आहेत. त्याहून त्रासदायक दोष असा की ५१२, १,५३६, २,५६० आणि ३,५८४ या चार मूल्यांपाशी त्याच्या पायऱ्या असमान आहेत, त्यामुळे संकेत तिथून जाताना खोट्या वारंवारता उमटतात. हा दोष सरासरी काढून जात नाही, कारण तो गोंगाटासारखा यादृच्छिक नाही. कंपनांसारख्या वरखाली होणाऱ्या संकेताला मात्र त्यातून वाट काढता येते. संकेताचा मध्य १.६५ व्होल्टवर म्हणजे २,०४८ या मूल्यावर ठेवला, तर दोन्ही बाजूंचे खराब ठिकाण ५१२ पायऱ्या, म्हणजे सुमारे ०.४१ व्होल्ट दूर असते. प्रवर्धन इतकेच ठेवावे की बेअरिंगचा नेहमीचा संकेत या पट्ट्याच्या आत राहील. असे केल्याने पल्ल्याचा चौथा हिस्साच वापरला जातो आणि दोन बिट जातात, हे खरे आहे, पण खोट्या रेषा पाहून धडधाकट बेअरिंग बदलायला लावण्यापेक्षा तो तोटा परवडतो.

गेलेले बिट बऱ्याच अंशी परत मिळवण्याचा मार्ग डीएमएच देतो. २०,००० च्या वेगात थेट सॅम्पल घेण्याऐवजी ५ लाखांच्या पूर्ण वेगात घ्यावेत आणि दर २५ सॅम्पलचे एक करावे. यादृच्छिक गोंगाटापुरते पाहिले तर यातून दोन बिटांहून थोडे अधिक मिळतात. पण माझ्या मते याचा खरा फायदा वेगळाच आहे. २०,००० च्या वेगात १० किलोहर्ट्झच्या वरचे जे काही एडीसीपर्यंत पोहोचेल ते दुमडून खालच्या पट्ट्यात येते, आणि डिझेल इंजिनाच्या धातूत १० किलोहर्ट्झच्या वर पुष्कळ काही असते. ते आधीच अडवायला चांगली ॲनालॉग गाळणी लागते, आणि तिचे भाग जुळवणे हे दमट हवेत ठेवायच्या स्वस्त डबीसाठी किचकट काम आहे. पूर्ण वेगात सॅम्पल घेतल्यावर एक किलोओम आणि १० नॅनोफॅरड एवढी साधी गाळणी पुरते. तिची मर्यादा १५.९ किलोहर्ट्झ आहे, आणि आपल्या पट्ट्यात दुमडू शकणाऱ्या ४९० किलोहर्ट्झच्या आसपासच्या संकेताला ती सुमारे ३० डेसिबलने दाबते. उरलेले काम प्रोग्राममध्ये करावे. नुसती सरासरी ही चांगली गाळणी नव्हे, १५ किलोहर्ट्झचा संकेत ती जेमतेम साडेदहा डेसिबलने दाबते आणि तो ५ किलोहर्ट्झवर येऊन बसतो. तीच क्रिया एकामागोमाग तीनदा करणाऱ्या, म्हणजे तीन टप्प्यांच्या सीआयसी गाळणीत केली की दाब ३१ डेसिबलपर्यंत जातो. त्याच्या बदल्यात ५ किलोहर्ट्झच्या खऱ्या संकेतात पावणेतीन डेसिबलचा उतार येतो, पण तो ठाऊक असल्यामुळे नंतर भरून काढता येतो. सीआयसीला फक्त बेरजा आणि वजाबाक्या लागतात. १२ बिटांत १४ बिटांची वाढ होऊन सगळे २६ बिटांत बसते, म्हणून ३२ बिटांचा हा साधा प्रोसेसर ते काम २५० टिकटिकींच्या मर्यादेत आरामात उरकतो. गाळलेल्या ४,०९६ मूल्यांतून ४.९ हर्ट्झची सूक्ष्मता मिळते, आणि ३० हर्ट्झ व ९० हर्ट्झच्या रेषा स्वच्छ वेगळ्या दिसतात. याउलट पूर्ण वेगातल्या ४,०९६ सॅम्पलवर थेट पृथक्करण केले तर सूक्ष्मता १२२ हर्ट्झ येते आणि इंजिनाचा ठोका पहिल्याच कप्प्यात हरवतो. वेग आणि सूक्ष्मता यांचा हा संबंध विद्यार्थ्यांना शिकवायचा असेल तर इतके स्वस्त आणि इतके स्पष्ट दुसरे साधन मला माहीत नाही.

बोर्डाच्या वीजपुरवठ्याबद्दल मात्र मी समाधानी नाही. एडीसीचा संदर्भ व्होल्टेज बोर्डावरच्या ३.३ व्होल्टमधूनच, सुमारे २०० ओमचा रोध आणि २.२ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर यांच्यामार्फत घेतलेला आहे. एडीसी स्वतः जो थोडा प्रवाह ओढतो, त्याने त्या रोधावर सुमारे ३० मिलिव्होल्ट पडतात. कंपनांच्या मोजमापात स्थिर फरक चालून जातो, पण वीजपुरवठ्यातली थरथर चालत नाही, आणि कमी भारावर बोर्डाचा रेग्युलेटर वीजबचतीच्या पद्धतीत गेला की ती थरथर वाढते. जीपी२३ हा पाय उंच केल्यावर रेग्युलेटर ती पद्धत सोडतो आणि फरक आलेखावर लगेच दिसतो. प्रोग्रामची ही एक ओळ कोणीही गाळू नये. कायमचा उपाय म्हणून एडीसी_व्हीरेफ या ३५ क्रमांकाच्या पायावर एलएम४०४० हा ३ व्होल्टचा संदर्भ जोडावा आणि सेन्सरची जमीन ३३ क्रमांकाच्या ॲनालॉग ग्राउंडलाच न्यावी. तसे केल्यावर संकेताचा मध्य १.६५ ऐवजी १.५ व्होल्टवर आणावा लागतो आणि मघाचा ०.४१ व्होल्टचा पट्टा ०.३७५ व्होल्टचा होतो.

बोटीवरच्या बॅटरीवरून बोर्ड चालवण्याचा मोह टाळावा. त्याच बॅटरीवर अल्टरनेटर आणि स्टार्टर असतात, आणि त्यांचा गोंगाट ज्या मोजमापासाठी आपण आलो त्यातच मिसळतो. पॉवर बँक बरी, पण बोर्डाचा प्रवाह इतका कमी असतो की अनेक पॉवर बँका काही जोडलेलेच नाही असे समजून थोड्या वेळाने बंद होतात. कमी प्रवाहाची पद्धत असलेली पॉवर बँक मुद्दाम मागून घ्यावी.

सेन्सर म्हणून साधी पिझो चकती (दाब पडला की व्होल्टेज देणारी) पुरते. ती कवचाला घट्ट बसवावी, मधे रंगाचा किंवा ग्रीसचा जाड थर नको. जोराचा धक्का बसला की अशी चकती कित्येक व्होल्ट देते, आणि चिपच्या पायाला ३.३ व्होल्टच्या वर काही जाता कामा नये, म्हणून मालिकेत रोध आणि दोन बाजूंना डायोड असायलाच हवेत. त्यामागे एमसीपी६००२ सारखा, कमी व्होल्टेजवर चालणारा ऑप-अँप या वारंवारतांना पुरेसा आहे.

नोंद साठवण्याबाबत पूर्ण वेगाचा आग्रह धरू नये. ५ लाख सॅम्पल म्हणजे सेकंदाला १० लाख बाइट, आणि चिपची सगळी २६४ किलोबाइट मेमरी त्या वेगात पाव सेकंदात भरते. एसडीएचसी कार्डाला एका लेखनासाठी २५० मिलिसेकंदांपर्यंत अडून राहण्याची मुभा असते, म्हणून कच्चा डेटा कार्डावर अखंड उतरवणे इथे भरवशाचे नाही. गाळलेला डेटा सेकंदाला ४० किलोबाइटच असतो आणि कार्डाने तेवढा पूर्ण वेळ घेतला तरी तो हरवत नाही. कार्डाकडे पाठवण्याच्या कामालाही उरलेल्या डीएमए चॅनेलपैकी दोन लावता येतात.

कागदपत्रांच्या बाबतीत या बोर्डाला माझे पूर्ण गुण आहेत. डेटाशीट मोफत आहे, वाचनीय आहे आणि चिपचे दोष त्यातच क्रमांकांसह दिलेले आहेत, ज्यामुळे दूरच्या तालुक्यात एकट्याने काम करणाऱ्याचा फार वेळ वाचतो. एडीसी आणि डीएमएचे अधिकृत उदाहरण १,००० सॅम्पल आठ बिटांत घेऊन थांबते. ते समजायला सोपे आहे, पण अखंड नोंदीची साखळी त्यात नाही, आणि खरी गरज तिचीच असते. मायक्रोपायथनच्या नव्या आवृत्त्यांत डीएमएची सोय आली आहे, तरी एडीसीच्या फिफोची रजिस्टर हाताने लिहावी लागतात, म्हणून हे काम सी भाषेत करणेच सोयीचे वाटते.

पर्यायांपैकी एसटीएम३२एफ१०३ चा निळा बोर्ड या कामात पिकोला खऱ्या अर्थाने टक्कर देतो. त्याचा एडीसी एका मायक्रोसेकंदात रूपांतर करतो, दोन एडीसी एकाच क्षणी दोन सेन्सर मोजू शकतात, आणि त्याच्या डीएमएत वर्तुळाकार पद्धत असून बफर अर्धा भरल्यावर व पूर्ण भरल्यावर असे दोन इंटरप्ट मिळतात, त्यामुळे साखळीची उठाठेव करावी लागत नाही. शाफ्टची दोन टोके एकाच वेळी मोजून त्यांच्या कलेतला फरक पाहायचा असेल, तर मी तोच घेईन. पण त्याची मेमरी फक्त २० किलोबाइट आहे, आणि बाजारात त्या नावाने येणाऱ्या बोर्डांवर मूळ चिपऐवजी नक्कल असण्याचा धोका असतो. ईएसपी३२ वायफायसाठी उत्तम आहे, मात्र त्याचा एडीसी सरळ रेषेत चालत नाही आणि दोनपैकी एक एडीसी वायफाय सुरू असताना वापरता येत नाही. कंपनांच्या कामासाठी मी तो सुचवणार नाही.

आपल्या किनाऱ्यावर आणखी एक परीक्षा असते ती खाऱ्या हवेची. पिकोला उणे २० ते ८५ अंश सेल्सिअसपर्यंतचे तापमान चालते, त्यामुळे इंजिनरूमच्या उष्णतेची चिंता फारशी नाही. खरी चिंता मायक्रो-यूएसबीच्या तोंडाची आणि हेडरच्या पिनांची आहे, कारण तिथे हिरवट गंज चढायला वेळ लागत नाही आणि पिझोसारख्या उच्च रोधाच्या सेन्सरला ओलसर मिठाचा पातळ थरसुद्धा गळती देतो. हेडर न लावता बोर्डाच्या कडेच्या अर्धगोल पॅडवरून तो थेट दुसऱ्या बोर्डावर डाखावा, यूएसबीचे तोंड झाकून बाकीच्या भागाला संरक्षक लाखेचा हात द्यावा, आणि सिलिका जेलची पुडी घालून डबी रबरी गॅस्केटने बंद करावी. ऑप-अँपच्या आजूबाजूचा भाग लाखेपूर्वी आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ पुसणे आवश्यक आहे, नाहीतर फ्लक्सचा चिकटपणा लाखेखाली कायमचा अडकतो.

ऑगस्ट २०२४ मध्ये ५ डॉलरला आलेल्या पिको २ मध्ये यातल्या अनेक उणिवा दूर झाल्या आहेत. त्याच्या आरपी२३५० चिपमध्ये त्या चार मूल्यांपाशी होणारा एडीसीचा दोष नाही, डीएमएची चॅनेल १६ आहेत, मेमरी ५२० किलोबाइट आहे, आणि दशांश गणिताचे वेगळे यंत्र असलेला कॉर्टेक्स-एम३३ प्रोसेसर पृथक्करण बराच जलद करतो. हस्तांतराची संख्या न संपणारी अशी एक पद्धतही तिथल्या डीएमएत आली आहे, त्यामुळे एकाच चॅनेलवर वर्तुळाकार बफर अखंड चालवता येतो. एडीसीचा वेग मात्र सेकंदाला ५ लाखच राहिला आहे. या चिपच्या पहिल्या आवृत्तीत पायाचा अंतर्गत पुल-डाउन (पायाला शून्य व्होल्टकडे ओढणारा रोध) चालू असताना तो पाय सुमारे २ व्होल्टवर अडकून राहण्याचा दोष आहे, म्हणून ॲनालॉग पायांवरचे अंतर्गत पुल बंद आहेत याची खात्री करावी. एडीसीसाठी पाय तयार करणारे अधिकृत फंक्शन वापरले की ते आपोआप होते. नव्याने खरेदी करणाऱ्याने पिको २ घ्यावा. ज्यांच्याकडे जुना पिको आहे त्यांनी संकेत मधल्या पट्ट्यात ठेवून तोच वापरत राहावा, बदलण्याइतके कारण नाही. एडीसीच्या संदर्भाची मांडणी मात्र दोन्ही बोर्डांवर सारखीच आहे, म्हणून कोणताही घेतला तरी त्याच ऑर्डरमध्ये एलएम४०४० मागवून घ्यावा.